मुंबईकराचा घरचा संघ कोणता? रणजी, मुंबई इंडियन्सची पलटण, अंधेरीचा फुटबॉल, वरळीची कबड्डी

चर्नीरोडकर (धागाकर्ता)

मंडळी, आयपीएलच्या धाग्यावर परवा जो वाद रंगला तो तिथे अवांतर होत होता, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न होता मुंबईचा खरा घरचा संघ कोणता. माझं उत्तर ठरलेलं आहे: मुंबईचा रणजी संघ. टोपीवर सिंह असलेला. बाकीचे संघही मला प्रिय आहेत, पण ते याच्यानंतर.

४२ रणजी करंडक. पहिला १९३४-३५चा, ४२वा मार्च २०२४मधला. मधे १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं करंडक या शहराबाहेर गेलाच नाही. हे आकडे इथे सगळ्यांना पाठ आहेत. पण हा संघ घडतो कसा, त्यावर माझा खरा जीव आहे. तो कुणी लिलावात बसून उभा केलेला नाही. शाळेत असताना हॅरिस आणि जाईल्स शील्ड, मग क्लबकडून पुरुषोत्तम शील्ड, नोकरी लागली की टाइम्स शील्ड, आणि दर पावसाळ्यात कांगा लीग. कांगा लीग १९४८पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात. विकेट ओली, चेंडू एकदा छातीवर येतो, एकदा घोट्याशी बसतो, आणि गवत इतकं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला फटका सीमारेषेपर्यंत पोचतच नाही. तिथे ज्याने तीस-चाळीस धावा काढल्या, त्याला जानेवारीतल्या कोरड्या विकेटवर हलवणं सोपं नसतं.

आणि ही पोरं येतात कुठून? शार्दूल ठाकूर पालघरहून, अजिंक्य रहाणे डोंबिवलीहून, तुषार देशपांडे कल्याणहून. पहाटेची लोकल, खांद्यावर किटबॅग. विरार गाडीत किटबॅग घेऊन चढणाऱ्या पोराला आधी शिव्या पडतात, मग कुणीतरी सरकून बॅग वर ठेवायला जागा करून देतं. या संघावर शहराचा हक्क आहे तो असा.

२०२३-२४चा मोसम आठवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. दुसऱ्या डावात तनुष कोटियन दहाव्या आणि तुषार अकराव्या क्रमांकावर, आणि दोघांचीही शतकं! तनुष नाबाद १२०, तुषार १२३, शेवटच्या विकेटसाठी २३२. दहा आणि अकरा नंबरच्या दोघांनीही एकाच डावात शतक ठोकणं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याआधी एकदाच झालं होतं, १९४६मध्ये ओव्हलवर सरवटे आणि बॅनर्जी यांच्याकडून. पुढे उपांत्य सामन्यात तमिळनाडूने ७ बाद १०६ अशी आपली अवस्था केली. तिथून शार्दूलने १०९ काढले आणि तनुष पुन्हा नाबाद ८९. सामना डावाने जिंकला. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात मुशीर खानने दुसऱ्या डावात १३६ काढले, १९ वर्षांचा पोरगा, आणि रणजी अंतिम सामन्यात मुंबईकडून शतक करणारा सर्वांत लहान खेळाडू हा सचिनचा मान त्याच्याकडे आला. विदर्भापुढे ५३८चं लक्ष्य होतं, तरी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबेने पाचव्या दिवशी जेवणापर्यंत दाद दिली नाही. ती लढत मी विसरणार नाही. शेवटचा गडी धवल कुलकर्णीने काढला, आणि तो त्याचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना होता. १६९ धावांनी विजय.

आता मनातली सल. आयपीएलच्या तिकिटासाठी घरातल्या चार फोनवरून रांगेत थांबणारे माझे मित्र रणजीला येत नाहीत, आणि रणजीला तिकीटसुद्धा नसतं. साखळी सामन्यात पॅव्हेलियनमधून फलंदाज उतरला की टाळ्या मोजता येतात. पॅडी शिवलकरांनी या संघासाठी रणजीत ३६१ बळी घेतले, भारताकडून एक कसोटी मिळाली नाही, मार्च २०२५मध्ये ते गेले. अशा माणसांचा संघ बघायला आपण जात नाही याचा मला त्रास होतो.

तुमचा संघ कोणता, आणि का, ते लिहा. नुसतं +१ नको.

पार्ककट्टा

शब्दाशब्दाला अनुमोदन. फक्त एक भर. यशस्वी जैस्वाल भदोहीहून आला आणि आझाद मैदानात तंबूत राहिला, सूर्यकुमार चेंबूरच्या अणुशक्तीनगरचा. म्हणजे "आपला" याचा अर्थ इथे जन्मलेला असा नाहीच. ज्याला या मैदानांनी घासला तो आपला.

पलटण_ऐरोली

चर्नीरोडकर, लेख सुंदर आहे, पण आमच्यावर अन्याय करताय. मी नव्या मुंबईत वाढले. आमच्या बिल्डिंगमध्ये कांगा लीग कुणालाच माहीत नव्हती, क्लबही नव्हता. मला क्रिकेटमध्ये ओढलं मुंबई इंडियन्सने. २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०, पाच विजेतेपदं मी घरच्यांसोबत जगलेय. त्यातली दोन फायनल एका धावेने, २०१७ आणि २०१९, दोन्ही हैदराबादच्या मैदानात.

आणि २५ मे २०१४! वानखेडेवर राजस्थानविरुद्ध १९० धावा १४.३ षटकांत हव्या होत्या. कोरी अँडरसन पेटला होता, नाबाद ९५. १४.३ला धावा फक्त बरोबरीत आल्या. पुढच्या एका चेंडूवर चौकार-षटकार बसला तरच प्लेऑफ, आणि आदित्य तरेने फॉकनरला लेगला सरळ स्टँडमध्ये भिरकावलं. अंगातला शर्ट काढून धावला होता तो. तो तरे कोण? २०१५-१६ला तुमचा ४१वा रणजी करंडक उचलणारा कर्णधार. म्हणजे तुम्ही ज्या मैदानांचं कौतुक करताय, त्याच मैदानांचा माणूस आमच्या सर्वांत मोठ्या क्षणाला क्रीजवर होता. दोन्ही संघ एकाच घरातले आहेत, तुम्ही मधे भिंत का घालताय?

चर्नीरोडकर

ताई, तरेचा मुद्दा बिनतोड आहे. भिंत घालायची नाही मला, क्रम लावायचा आहे. २०१९ची फायनल घ्या. शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन हव्या, मलिंगाने स्लोअर यॉर्कर टाकला आणि पायचीत झाला तो कोण? शार्दूल. पालघरचा आपला शार्दूल, पिवळ्या जर्सीत. जिंकल्यावर मी नाचलो, आणि त्याच क्षणी त्या पोराचा चेहरा बघून आतून तुटलो. रणजीत मला असं कधी दोन भागांत विभागावं लागत नाही. आयपीएलमध्ये दर लिलावानंतर आपली माणसं दुसऱ्याच्या घरात जातात.

आणि विषय निघालाय म्हणून: २०२४ला रोहितच्या जागी कर्णधार झालेल्या हार्दिकची वानखेडेवर हुर्यो उडवली, ती मला अजिबात पटली नाही. रोहितवर प्रेम माझंही आहे, बोरिवलीचा पोरगा, त्याच्या नावाचं स्टँड झालं तेव्हा ऊर भरून आला. पण नाणेफेकीला आलेल्या स्वतःच्या कर्णधाराला घरच्या मैदानावर हुर्यो? या शहराच्या प्रेक्षकाला खेळ कळतो असं आपण अभिमानाने सांगतो. मग त्याने तसं वागलंही पाहिजे.

पलटण_ऐरोली

हार्दिकबद्दल शंभर टक्के सहमत. मी तेव्हाही हेच लिहिलं होतं आणि बोलणी खाल्ली होती.

जुना_माटुंगेकर

तरुण मंडळी लिहिताहेत हे बघून बरं वाटलं. माझ्या आठवणी थोड्या मागच्या.

आमच्या वेळी रणजी तर होतीच, पण जीव टांगणीला लागायचा तो दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना या लढतीला. क्लबच्या सामन्याला सीमारेषेभोवती माणसं उभी असायची. दादर युनियनकडे गावसकर, पुढे वेंगसरकर. कसोटी संपवून आलेला खेळाडू रविवारी क्लबच्या सामन्याला वेळेवर हजर असे, आणि नसला तर त्याला जाब विचारत. त्या शिस्तीतून मुंबईचा संघ उभा राहिला.

शिवलकरांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९७२-७३चा अंतिम सामना चेपॉकवर. आपण पहिल्या डावात १५१, दुसऱ्यात ११३. एवढ्यावर कुणी सामना जिंकतं का? पॅडीने पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ घेतले. तमिळनाडू ८० आणि ६१. सलग १५वं विजेतेपद ते हेच. डावरी फिरकी, तीच टप्प्याची जागा, दिवसभर. भारताकडून तशीच डावरी फिरकी टाकणाऱ्या बेदींचा काळ नसता तर पॅडी किती कसोटी खेळले असते, हा विचार आमच्या पिढीने कायम केला.

आणि पराभवाचंही सांगायला हवं, कारण चाहता घडतो तो तिथेच. मे १९९१, वानखेडे, हरयाणाविरुद्ध अंतिम सामना. शेवटच्या दिवशी ३५५ हव्या होत्या. सचिनने ७५ चेंडूंत ९६ मारले, वय अठरा. एका टोकाला वेंगसरकर ठाम. शेवटच्या जोडीला अ‍ॅबी कुरुविला आणि अवघ्या तीन धावा हव्या असताना तो धावचीत. दोन धावांनी हरलो. वेंगसरकर नाबाद १३९, आणि मैदानावरच रडले. तो माणूस शंभरावर कसोटी खेळलेला होता, विश्वचषक जिंकलेल्या संघात होता, आणि रणजीसाठी रडला. आजच्या मुलांनी निदान एवढं जाणून घ्यावं.

पार्ककट्टा

काका, अंगावर काटा आला. अजून लिहा, क्लबांबद्दल विशेषतः.

गिरणगावची_लेक

सगळं क्रिकेटच चाललंय, म्हणून मी येते. लालबाग-परळ-प्रभादेवी या पट्ट्यात कबड्डी घरात होती. गिरण्यांचे कामगार पाळी संपवून मंडळाच्या मैदानात उतरत. दिवे लावून मातीत सामने, गल्लीच्या गल्ली बघायला. कबड्डीमहर्षी बुवा साळवींनी या खेळाची संघटना बांधली, नियम नीट केले, तो खेळ या मातीतला. बँका, रेल्वे, कंपन्या यांचे संघ होते आणि कबड्डीवर नोकरी लागली म्हणून घर सावरलं अशी घरं माझ्या ओळखीत कितीतरी आहेत.

म्हणून २०१४ला प्रो कबड्डी आली आणि वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबाने पहिल्याच सामन्यात जयपूरला ४५-३१ने लोळवलं, तेव्हा माझे बाबा खुर्चीवरून उठून ओरडत होते. ज्या खेळासाठी ते गल्लीत उभे राहत तो दिव्यांच्या झगमगाटात होता. २०१५ला त्याच डोममध्ये बेंगळुरूला ३६-३०ने हरवून आपण विजेते. अनुप कुमार हरयाणाचा, पण बोनस घेऊन तो शांतपणे मागे फिरायचा तेव्हा सगळा डोम त्याचा होता. रिशांक देवाडिगा तर मुंबईचाच.

पण आता? २०२४ला लीग हैदराबाद, नोएडा, पुणे इथे झाली. २०२५ला विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. मुंबईत एकही सामना नाही. शेवटचे घरचे सामने जानेवारी २०२४मध्ये. चर्नीरोडकर, तुमचं दुःख रिकाम्या स्टँडचं आहे. आमच्याकडे लोक यायला तयार आहेत आणि सामनाच नाही! ज्या शहरात कबड्डी वाढली त्या शहराच्या संघाला घर नाही, याबद्दल कुणी बोलत नाही याचा मला खरंच राग येतो.

चर्नीरोडकर

गिरणगावची_लेक, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. घरी खेळणं हे माझ्या मते संघ "आपला" असण्याची पहिली अट. खेळाडू कुठूनही येवोत, पण वर्षातून काही संध्याकाळी तो संघ या शहरात दिसला पाहिजे, लोकल पकडून जाऊन बघता आला पाहिजे. नुसत्या नावात मुंबई असून भागत नाही.

अंधेरी_फुटबॉल

घरच्या मैदानाचाच मुद्दा असेल तर अंधेरीला या. क्रीडा संकुलातलं आमचं मैदान लहान आहे, काही हजारच बसतात, पण वेस्ट कोस्ट ब्रिगेडचा, म्हणजे आमच्या चाहत्यांचा कोपरा नव्वद मिनिटं गातो. ढोल, झेंडे, पाऊस असला तरी. क्रिकेटमध्ये डीजे सांगतो तेव्हा लोक ओरडतात. आमच्याकडे डीजे लागत नाही.

आयएसएल या देशातल्या फुटबॉल लीगमधला आपला क्लब, मुंबई सिटी, २०१४ला सुरू झाला. पहिली काही वर्षं ओढाताणीत गेली. मग २०२०-२१ला शील्ड (साखळीत अव्वल आल्याची) आणि कप (फायनल जिंकल्याचा) दोन्ही, पण करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. फायनलला नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, मोहन बागान २-१ने गार, आणि आम्ही आपापल्या घरी टीव्हीसमोर. २०२२-२३ला पुन्हा शील्ड. एप्रिल २०२२मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ने हरवून आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब आपला ठरला. किती मुंबईकरांना हे माहीत आहे?

सगळ्यांत गोड २०२४. एप्रिलमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकला मोहन बागानने २-१ने हरवून आमची शील्ड हिसकावली. तीन आठवड्यांनी त्याच मैदानात फायनल, बागानच्या चाहत्यांचा हिरवा-मरून समुद्र, आधी एक गोल खाल्ला. मग पेरेरा डियाझ, बिपिन आणि भरपाई वेळेत व्होयटुश. ३-१. बिपिन मणिपूरचा आहे. पण दोन फायनलमध्ये गोल मारणारा माणूस आमच्यासाठी अंधेरीचाच.

आणि कृपा करून "मुंबईत फुटबॉल कधी होता" हे नको. रोव्हर्स कप १८९१पासून इथला. हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा तो कूपरेजवर जिंकला. महिंद्रा युनायटेड २००५-०६चा राष्ट्रीय लीग विजेता, आणि २०१०ला संघच बंद. मुंबई एफसी २०१७ला संपला. स्टीव्हन डायससारखा खेळाडू या शहराने दिला. आमच्या डोळ्यांसमोर क्लब गेलेत. २०२५ला आयएसएलच लांबणीवर पडली तेव्हा आम्हाला वाटलेली भीती क्रिकेटवाल्यांना कळणार नाही. रणजी पुढच्या वर्षी असेल हे तुम्ही गृहीत धरता, आम्हाला ते करता येत नाही.

नागपूरकर

विदर्भाचा आहे, पण धागा आवडला म्हणून लिहितो. २०२४च्या फायनलमधल्या आमच्या लढतीचा उल्लेख केलात, आभार. पण पुढच्याच मोसमात उपांत्य सामन्यात नागपूरला आम्ही तुम्हाला ८० धावांनी हरवलं आणि करंडकही घेतला, आमचा तिसरा. पहिले दोन ज्यांच्या हाताखाली आले ते चंद्रकांत पंडित तुमचेच. तुमची खडूसपणाची शाळा आम्ही शिकलो, तेव्हा आता दोन-तीनदा हरायची तयारी ठेवा.

चर्नीरोडकर

नागपूरकर, अभिनंदन मनापासून. पंडितांनी २०२१-२२ला मध्य प्रदेशला घेऊनही आम्हालाच फायनलला हरवलं, तेही गिळलंय. आणि जानेवारी २०२५मध्ये बीकेसीवर रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस सगळे असताना जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून हरवलं. दुसऱ्या डावात शार्दूलचं शतक नसतं तर लाजच गेली असती. मला तो पराभव बोचला, पण त्या सामन्याला गर्दी झाली रोहितसाठी. तो बाद झाल्यावर निम्मी माणसं उठून गेली, आणि नंतरची शार्दूल-तनुषची भागीदारी, जी खरी मुंबई होती, ती थोडक्यांनी बघितली.

पलटण_ऐरोली

एक राहिलंच. २ नोव्हेंबर २०२५, डीवाय पाटील, महिला विश्वचषकाची फायनल. आमच्या ऐरोलीपासून हाकेवर. तो मुंबईचा संघ नव्हता, देशाचा होता, पण त्याआधी ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चा पाठलाग करताना नाबाद १२७ काढणारी जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची. आणि प्रशिक्षक अमोल मुजुमदार. चर्नीरोडकर, हा तर तुमच्या रणजीचा माणूस. पदार्पणात २६०, भारताकडून एकही सामना नाही, आणि शेवटी विश्वचषक घरच्या अंगणात. महिलांच्या डब्ल्यूपीएलमधली मुंबई इंडियन्सची दोन्ही विजेतेपदंही, २०२३ आणि २०२५, ब्रेबॉर्नवरच आली. मुलींचे सामने या यादीत वरती घ्या.

जुना_माटुंगेकर

मुजुमदारांचं नाव निघालं, तर २००६-०७. ते कर्णधार. पहिले तीन सामने हरलेला संघ. बडोद्याविरुद्ध उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात शून्य धावांवर पाच बाद! फलकावर शून्य. तिथून सामना जिंकला आणि वानखेडेवर बंगालला हरवून करंडक घेतला. शाळेत सचिन आणि विनोदने ६६४ची भागीदारी केली तेव्हा हाच मुलगा पॅड बांधून बसून राहिला होता. अशा माणसाच्या हातून महिलांचा विश्वचषक आला, त्या रात्री माटुंग्यात आमच्या इमारतीत फटाके वाजले.

पार्ककट्टा

मग ठरवूया का काही? मोसम सुरू झाला की एक घरचा रणजी सामना सगळ्यांनी मिळून.

चर्नीरोडकर

नक्की. बीकेसीचा सामना असेल तर मेट्रो ३चं स्टेशन आहेच, नाहीतर वांद्रे किंवा कुर्ल्याहून रिक्षा. वानखेडे असेल तर चर्चगेट. तिसरा दिवस धरू, त्या दिवशी सामना उघडतो. वेळापत्रक लागलं की इथेच तारीख टाकतो. काका, तुम्हाला माटुंग्याहून घ्यायला मी येईन.

अंधेरी_फुटबॉल

येतो. आणि मग अंधेरीचा पुढचा सामना तुम्ही सगळ्यांनी धरायचा. तिकिटं मी काढतो.

गिरणगावची_लेक

दोन्हीकडे येते. डोममध्ये यू मुंबाचे सामने परत आले की पुढचा धागा मी काढेन, तोपर्यंत लीगला इथूनच सामूहिक पत्र लिहूया. मसुदा रविवारपर्यंत टाकते, सह्या करायला तयार राहा.